भाऊजींचं विमान

मी भूगोल शिकवायचे. पेणच्या शाळेत सगळी नोकरी झाली, आणि निवृत्त होऊन घरी बसले तरी दुसऱ्याची चूक दिसली की माझा हात अजून लाल पेनाकडे जातो. लग्नपत्रिकेवर तिथी आणि वार जुळत नसला तर मी फोन करून कळवते. हायवेच्या पाटीवर गावाचं नाव चुकलंय म्हणून मी पंचायतीत जाऊन भांडले आहे. आमचे हे म्हणतात, "तुला कोणी विचारलंय का?" कोणी विचारत नाही हो, तेच तर माझं दुखणं आहे.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. तरी गेली काही वर्षं मी फुटबॉलच्या संघांनी भाड्याने घेतलेल्या जुन्या विमानांच्या मागे लागले होते. कुठल्या संघाने, कधी, कुठून कुठे आख्खं विमान नेलं, वाटेत तेल भरायला कुठे उतरलं, हे शोधत बसायचं. असली माणसं जगभर आहेत आणि त्यांचा इंटरनेटवर एक गट आहे, त्या गटातली पेणची मी एकटीच. हे वेड मला लागलं ते आमच्या भाऊजींमुळे.

भाऊजी म्हणजे यांचे थोरले भाऊ. रोह्याला असतात, मुलाकडे. तरुणपणी ते मुंबईत एका गिरणीत होते. त्या गिरणीचा फुटबॉलचा संघ होता आणि भाऊजी त्या संघाचं सामान सांभाळायचे. कपडे धुऊन आणायचे, चेंडूत हवा भरायची, बूट पुसायचे. एकदा कलकत्त्याला सामना ठरला आणि आगगाडीने वेळेत पोचणं जमेना, म्हणून मालकाने संघासाठी खास विमान घेतलं. डकोटा, दोन पंख्यांचं. त्या काळी आमच्या गावात, गागोद्याच्या बाजूला, विमान फक्त वर मान करून बघायची गोष्ट होती. आणि आमचे भाऊजी त्यात बसून गेले.

ही गोष्ट मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत आले. दर गणपतीत, आरती झाली की कोणी तरी म्हणायचं, "भाऊ, विमानाचं सांगा." मग भाऊजी पाय पोटाशी घेऊन सांगायचे. विमान धावायला लागलं तशी शेजारी बसलेल्या गोलकीपरची पाचावर धारण बसली. एवढा पहाडासारखा गडी, पण डोळे मिटून त्याने भाऊजींचा हात धरला तो नागपूरला तेल भरायला उतरेपर्यंत सोडला नाही. "माझी बोटं पांढरी पडली होती," असं भाऊजी म्हणायचे आणि त्यांच्याआधीच माझी थोरली जाऊ, आमच्या ताई, "पांढरीफटक!" म्हणून मोकळ्या व्हायच्या. ताईंना त्या गोष्टीचा भाऊजींपेक्षा जास्त अभिमान. त्यांचं स्थळ ठरलं तेव्हा मध्यस्थाने मुलाची जमीन, पगार काही सांगायच्या आधी "मुलगा विमानातून जाऊन आलेला आहे" हे सांगितलं होतं. ताईंच्या वडिलांनी बैठकीत भाऊजींना पुढे बसवून विमानाचंच विचारलं. ताई आत दाराआडून ऐकत होत्या. "मी तिथंच व्हय म्हटलं," असं त्या अजूनही लाजत सांगतात.

त्या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग पिशव्यांचा. आमच्याकडे कोणी कुठे निघालं की त्याच्या हातात पिशव्या येतात. अजूनही येतात. माझी भाची बंगळुरूला निघते तेव्हा तिच्या बॅगेत शेजारणीच्या जावेच्या मुलासाठी पोह्याचे पापड असतात. तर भाऊजी कलकत्त्याला निघाले हे कळल्यावर पंचक्रोशीतल्या ज्याचं ज्याचं कोणी तिकडे नोकरीला होतं त्याने पिशवी आणून दिली. पापड, कडवे वाल, आंबोशी, कोणी चक्क नवा तांदूळ. पेणच्या एसटी स्टँडवर भाऊजींच्या गळ्यात हार आणि दोन्ही हातांत, खांद्यावर, काखेत पिशव्या. ते निघाले आणि मागून एक म्हातारी धावत आली, तिच्या लेकीसाठी लोणच्याची बरणी घेऊन.

भाऊजी माझ्याशी थेट बोलत नसत. राग वगैरे नाही, जुन्या वळणाचे. धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्याने मोजकंच बोलायचं, तेही दुसऱ्यामार्फत. मी समोर उभी असले तरी ताईंना सांगायचे, "हिला विचार, चहा घेणार काय." इतकी वर्षं हे असंच चाललं आणि मलाही ते बरं वाटायचं. मानाचं वाटायचं.

आता मुद्द्यावर येते. टाळून टाळून किती टाळणार.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला लेख मागितला. मी म्हटलं, भाऊजींच्या विमानावर लिहिते. पण लिहायचं तर नीट, पुराव्यासकट. ऐकीव गप्पा छापायला मी काय सकाळची फेरी मारणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी आहे? गिरणी बंद पडलेली, विमान कंपनी बुडालेली. मुंबईला जाऊन एका ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळली. धुळीने शिंका येऊन येऊन नाक लाल झालं. शेवटी खेळाच्या पानाच्या तळाशी दोन ओळी सापडल्या, की अमक्या गिरणीचा संघ खास विमानाने कलकत्त्याला रवाना झाला. मी तिथेच टेबलावर थाप मारली आणि तिथल्या बाईंनी मला दटावलं. मग आमच्या गटातल्या कलकत्त्याच्या एका गृहस्थांनी विमानाच्या पंखाखाली उभ्या असलेल्या संघाचा फोटो पाठवला. मी भिंग घेऊन बसले. भाऊजी त्यात नव्हते. मी स्वतःशीच म्हटलं, सामान चढवत असतील, फोटोत कशाला येतील.

दुसऱ्या कोणाच्या बाबतीत मी असं म्हटलं नसतं हो. पण आमच्या घरचं होतं ना.

एवढ्यात भाऊजींचं सहस्रचंद्रदर्शन आलं. पुतण्याने रोह्यात हॉल घेतला. घरचे, भाऊजींच्या ओळखीचे, गावाकडचे, सगळ्यांना बोलावणं. ओवाळणं, जेवण, आणि गूळतुला. म्हणजे भाऊजींना तराजूत बसवायचं, दुसऱ्या पारड्यात गूळ, आणि तो गूळ आश्रमशाळेला द्यायचा. भाऊजी तुलेला अजिबात तयार होईनात. "तराजूत बसणार नाय. बाकी काय ते करा." पुतण्या हसला, ताई रागावल्या. मी तर वादच घातला. "अहो भाऊजी, पोरांच्या मुखात गोड पडेल, तुम्हाला काय, दोन मिनिटं बसायचंय." ते माझ्याकडे न बघता उठले आणि कुंडलिका नदीच्या काठाने फिरायला निघून गेले. मी म्हटलं, बाई गं, म्हातारपण म्हणजे दुसरं बालपणच.

आणि मी काय केलं, तर मोठं गुपित रचलं. गटातल्या लोकांनी खटपट करून मला तो गोलकीपर शोधून दिला होता. जिवंत, वसईला, मुलीकडे. मी ठरवलं, समारंभात पडद्यावर त्याला फोनवरून दाखवायचं. भाऊजींनी त्याला गिरणी सुटल्यानंतर पाहिलंही नसेल. दोघे म्हातारे समोरासमोर आले की सगळा हॉल रडेल, आणि लेखाला शेवटही मिळेल. हो, लेखाचा शेवट. खोटं कशाला बोलू, आधी मला तोच दिसला.

समारंभाच्या काही दिवस आधी, पडदा-बिडदा नीट चालतो का बघावं म्हणून मी वसईला फोन लावला. मुलीने वडिलांना समोर बसवलं. गोरा, टक्कल पडलेला, हसरा म्हातारा. मी भाऊजींचं वर्णन केलं, पेणकडचे, सामान सांभाळायचे. म्हातारा एकदम खुलला.

"अरे तो! पापडवाला!" म्हणाला. "तो कुठे आला विमानात? त्याला खालीच ठेवला की!"

मी म्हटलं, "नाही, नाही. तुमच्या शेजारी बसले होते. तुम्ही त्यांचा हात धरलात."

"हात धरला होता खरा," तो हसायला लागला, "पण आमच्या फुलबॅकचा. परत येताना आगगाडीत सगळे मला त्यावरून चिडवत होते. तोपण हसत होता, तुमचा पापडवाला." मग त्याने सगळं सांगितलं. विमानात चढायच्या आधी एकेकाला काट्यावर उभं करून वजन करत होते. भाऊजींची पाळी आली तर पिशव्यांसकट काटा कुठच्या कुठे गेला. विमान कंपनीचा साहेब म्हणाला, पिशव्या इथे ठेव आणि चढ, नाहीतर तूच राहा. भाऊजी राहिले. "पापडांसाठी विमान सोडणारा माणूस आम्ही पहिल्यांदा बघितला," म्हातारा म्हणाला. "नागपूरपर्यंत हसत होतो आम्ही."

फोन ठेवला आणि मला काय वाटलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. आधी मला आनंद झाला. चूक सापडल्याचा आनंद. सगळं कुटुंब ज्यावर माना डोलवत आलं ते खोटं होतं आणि ते मी शोधून काढलं होतं! मग राग आला. इतकी वर्षं फसवलं आपल्याला, देवासमोर बसून! स्वयंपाकघरात मी भांडी आपटत फिरत होते. यांनी विचारलं, "काय बिनसलंय?" मी म्हटलं, "डोंबल." त्या माणसाला काय वाटत असेल हा विचार मला शिवलासुद्धा नाही.

शहाणी बाई असती तर तिथेच तो बेत सोडून देती. मी सोडला नाही. वसईच्या मुलीला सांगितलं, बाबांना फक्त आशीर्वाद द्यायला सांगा, विमानाचं बोलू देऊ नका. आणि ताईंना फोनवर बोलता बोलता म्हणाले, "ताई, समारंभाला विमानातला एक पाहुणा पडद्यावर येणार आहे बरं का." माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच. ताईंच्या पोटात काही राहतं होय? त्यांनी त्याच रात्री जेवताना भाऊजींना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराची कडी वाजली. हे बँकेत गेले होते. दार उघडलं तर भाऊजी. एकटे. रोह्याहून एसटीने आले होते, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. भाऊ घरात नसताना ते आमच्या उंबऱ्यात कधी उभे राहिले नव्हते. मी म्हटलं, "या ना भाऊजी, हे येतीलच आता." ते आत आले नाहीत. चप्पलही काढली नाही.

"गो," ते म्हणाले. थेट मला. "तो फोन लावू नको."

मी दार आणखी उघडलं.

"तुला समजलं हाय, मला माहीत हाय. तू शोधत होतीस तवाच मला समजलं होतं, एक दिवस तू तिथं पोचणार." ते दाराच्या चौकटीकडे बघून बोलत होते. "लोकांच्या पिशव्या होत्या गो. विश्वासाने दिलेल्या. तिथं धावपट्टीवर टाकून कसा जाऊ? म्हणून ऱ्हायलो. मग मेलगाडीने गेलो. घर विचारत विचारत सगळ्यांच्या पोचवल्या. सामना तवर संपलेला. परत आलो तर स्टँडवर आख्खं गाव हार घेऊन. मी तोंड उघडीपर्यंत मला खांद्यावर घेतला. म्हटलं, उद्या सांगू. उद्या तिच्या बापाचा निरोप आला."

मग त्यांनी हात जोडले. माझ्यापुढे. थोरल्या दिराने धाकट्या भावजयीपुढे, भर दुपारी, आमच्या दारात. "तिला नको समजायला. या वयात नको. तिनं त्यावर व्हय म्हटलं होतं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "भाऊजी, आधी हात खाली करा. मी फोन लावत नाही. कोणाला काही कळणार नाही." पाणी दिलं तर ते उभ्यानेच प्यायले आणि एसटी चुकेल म्हणून निघाले. मी गॅलरीतून बघत राहिले. नाक्यापर्यंत ते एकदाही थांबले नाहीत. आणि मी त्यांना तराजूत बसा म्हणून ओरडले होते. काय माणूस मी!

समारंभाच्या दिवशी आम्ही सकाळीच निघालो. वडखळला ट्रकांची रांग, गडबला रस्ता खणलेला, भिसे खिंडीत आमच्या ह्यांची नेहमीची भीती की ब्रेक लागणार नाहीत. हे म्हणाले, "आज काय उपास आहे का बोलण्याचा?"

हॉलच्या दारात पुतण्याने मोठा फ्लेक्स लावला होता. भाऊजींचा फोटो आणि मागे ढगांत विमान. ते चित्र मीच त्याला पाठवलं होतं, आधी, उत्साहात. गूळतुला रद्द केली होती, ते मीच पुतण्याला पटवलं. पडद्याचं विचारलं तर म्हटलं, वसईला नेट नाही. भाऊजी खुर्चीत नवं धोतर नेसून, शाल पांघरून, कपाळावर कुंकू लावून बसले होते. बायकांनी ओवाळलं. दिव्यांच्या उजेडात ताई इतक्या छान दिसत होत्या, की मला वाटलं, सुटलो. निभावलं.

मग भाऊजींच्या नातीने माइक घेतला. "आता आजोबा विमानाची गोष्ट सांगणार!" टाळ्या.

भाऊजींनी सुरुवात केली. गिरणी, मालक, कलकत्ता. पिशव्यांवर लोक नेहमीसारखे हसले. पण प्रत्येक वाक्याला ते माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडी परीक्षेला येणारी मुलं बघायची ना, बरोबर चाललंय का म्हणून, तसं. मला तिथून उठून जायला हवं होतं. मी पहिल्या रांगेत बसून होते, दगडासारखी. गोष्टीत सगळे विमानतळावर आले, रांग लागली, आणि भाऊजी थांबले. सगळा हॉल वाट बघतोय. शेवटी ते म्हणाले, "पुढचं... पुढचं हिला इचारा. हिनं सगळं शोधलंय."

मी उठले. काय सांगू तुम्हाला, जन्मात कोणाला खोटी माहिती दिली नाही मी, नकाशावर नदीचं वळण चुकलं तर अख्खा फळा पुसायला लावायचे. आणि मी माइक घेऊन भाऊजींना त्या विमानात चढवलं. नीट चढवलं. शिडी कशी, खिडकी कुठल्या बाजूची, पंख्यांचा आवाज केवढा, खाली सह्याद्री कसा दिसला, नागपूरला तेल भरलं तेव्हा ऊन किती. गोलकीपरला मी फोनवर भेटले आहे आणि त्याला तो हात अजून आठवतो, हेही सांगितलं. मला सगळं माहीत होतं ना, म्हणून ते फार खरं वाटलं. टाळ्या थांबेनात. ताई रडत होत्या. मी माइक नातीला देऊन खुर्चीत बसले आणि भाऊजींकडे बघितलं. वाटलं, त्यांना बरं वाटलं असेल.

त्यांनी नातीकडून माइक मागून घेतला.

"नाय," भाऊजी म्हणाले. "ही कधी खोटं बोलत नाय. आज माझ्यापायी बोलली. मी चढलोच नव्हतो विमानात."

मग कोणी तरी हसलं. मग बरेच हसले. नात म्हणाली, "आजोबा, गंमत करता!" भाऊजी पुन्हा म्हणाले, "खरंच नाय चढलो. मला खालीच ठेवला." आता हसू थांबलं. पुतण्या लगबगीने पुढे आला, "दगदग झाली त्यांना, सकाळपासून बसलेत." ताई घाबऱ्या झाल्या. "अहो, असं काय करता? गोलकीपर, तुमची बोटं..." लोक एकमेकांच्या कानाशी लागले.

आणि भाऊजी माझ्याकडे बघत होते. त्या हॉलमध्ये एकच माणूस होता ज्याला ते खरं बोलतायत हे माहीत होतं. एक शब्द पुरे होता. "खरंय," एवढाच. पण आत्ताच टाळ्या घेतल्या होत्या मी. आत्ताच सह्याद्री दाखवला होता. मी काय म्हणाले ठाऊक आहे? मी म्हणाले, "थकलेत ते. जरा पाणी द्या त्यांना."

त्यांनी पाणी घेतलं. माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही. पंगतीत जिलबी होती, ती मी तशीच पानात ठेवली.

मला वाटलं होतं, घरी गेल्यावर भाऊजी ताईंना समजावून सांगतील आणि विषय मिटेल. तसं झालं नाही. त्यांनी सांगितलं, रोज सांगितलं, आणि ते जितकं सांगत तितकी घरची जास्त घाबरत गेली. पुतण्याचा फोन आला. "काकी, बाबांचं डोकं ठिकाणावर नाहीये. एवढी मोठी गोष्ट साफ विसरलेत. उलटंच सांगतात. म्हणे पिशव्यांसाठी विमान सोडलं! असं कोणी सोडेल का?" ताई फोनवर हुंदके देत होत्या. "मला इसरतील गो उद्या. हेच इसरले तर मला कशाला ठेवतील ध्यानात?" मी म्हटलं, ताई, तसं नाही. म्हणाले, आणि तिथेच अडकले. उद्या जाऊन समोर बसून सांगू, फोनवर कशाला. भाऊजींनीही एकदा उद्यावरच टाकलं होतं. आता मला कळतंय कसं असतं ते.

लेख मी पाठवला नाही. संपादकांना सांगितलं, प्रकृती बरी नाही.

पुतण्याने पेणच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. दवाखाना आमच्या घराजवळ, म्हणून मीही गेले. खरं सांगायचं तर ठरवूनच गेले. डॉक्टरांच्या समोर, ताईंच्या समोर, सगळं सांगून टाकायचं. रात्रभर वाक्यं जुळवली होती. भाऊजी खुर्चीत बसले, हात गुडघ्यांवर. डॉक्टर तरुण, सभ्य होते. आज वार कोणता, कुठल्या गावात आहोत, हा मुलगा कोण, असं विचारलं. भाऊजींनी सगळं बरोबर सांगितलं. मग पुतण्या पुढे झुकला. "डॉक्टर, हे सगळं येतं त्यांना. पण तरुणपणी फुटबॉलच्या संघाबरोबर विमानातून गेले होते, ते नाकारतात. आमच्या काकींनी तर सगळे पुरावे काढलेत." आणि त्याने माझ्याकडे बोट केलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. ताईंनी बघितलं. त्यांचे डोळे सुजलेले होते, पदराचं टोक मुठीत गोळा झालेलं. मी तोंड उघडलं.

भाऊजींनी हात वर केला. थोडासाच, मला थांबवायला.

"काका," डॉक्टर मोठ्याने म्हणाले, "सांगा बघू. विमानात बसला होतात ना तुम्ही?"

भाऊजींनी ताईंकडे बघितलं. मग माझ्याकडे, पहिल्यांदाच त्या दिवसानंतर. त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोसवला असता.

"व्हय," ते म्हणाले. "बसलो होतो. गोलकीपरच्या शेजारी."

"बघा!" डॉक्टर हसले. "आठवतंय की सगळं. वयोमानाने होतं असं मधूनच. काळजी करू नका."

पुतण्याने सुस्कारा टाकला. ताईंनी डोळे पुसले, उठून माझ्याजवळ आल्या आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून म्हणाल्या, "तू होतीस गो, म्हणून आठवलं त्यांना."